पाणी आणि पडदा



२०१७ साली डोंबिवलीने साहित्य संमेलन भरवलं. याच डोंबिवलीने २०१४ मध्ये हिरवा पाऊस पाहिला आणि २०२० मध्ये एमआयडीसी औद्योगिक वसाहतीतला गुलाबी रस्ता. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या रासायनिक कारखान्यांतल्या स्फोटांच्या तारखा तर इथे कुणाला सांगाव्या लागत नाहीत. रासायनिक अपघातानंतर माणसं आणि साधनं विषमुक्त कशी करायची, हे या परिषदेत बोलायला आपण योग्य गावी आला आहात.

गळती थांबवण्यावर, आग विझवण्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. बाधित माणसाच्या पुढच्या काही मिनिटांवर फार कमी. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हे विषारी रसायन सोडण्यात आलं. तिथल्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवसात ६४० रुग्ण आले. त्यांतले कितीतरी पायी, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने. कपड्यांत मुरलेलं विष त्यांच्याबरोबर आत आलं आणि रुग्णालयाच्या ११० कर्मचाऱ्यांनाच त्रास सुरू झाला. उद्या आपल्याकडे असं घडलं तर लोक रिक्षानेच येतील, रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबणार नाहीत. म्हणून अंग धुण्याची सोय प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या दाराबाहेर हवी, असा माझा आग्रह आहे.

कृती अवघड नाही. अंगावरचे कपडे काढले की बरंचसं रसायन त्यांच्याबरोबर जातं. ते डोक्यावरून ओढायचे नाहीत, कापायचे. भुकटी असेल तर आधी कोरडीच झटकायची, मग भरपूर पाणी आणि साबण. दोन बंब समोरासमोर उभे केले तर मधल्या वाटेवर फवारा धरता येतो.

पण भर रस्त्यात कपडे काढा म्हटलं, तर आपल्या घरातली बाई काढेल का? नाही काढणार. ती त्याच साडीत घरी जाईल आणि लेकरं तिला बिलगतील. म्हणून मी म्हणते, बंबावर होजइतकाच ताडपत्रीचा पडदा महत्त्वाचा. स्वच्छ चादरी हव्यात, स्त्री कर्मचारी हव्यात, मंगळसूत्र आणि मोबाइल ठेवायला नाव लिहिलेली पिशवी हवी. खरेदीच्या यादीत या वस्तू तळाला जातात, कारण त्या स्वस्त आहेत आणि त्यांचं उद्घाटन होत नाही. त्या यादीत वर याव्यात.

अग्निशमन दलाच्या जवानांचीही काळजी याच विषयात येते. चामड्याचे बूट, पट्टे रसायन शोषतात, कितीही धुतले तरी ते पुरतं निघत नाही. अशा वस्तू टाकून द्याव्या लागतात, आणि नव्या मागताना जवानाला अर्जविनंत्या कराव्या लागू नयेत. माखलेला गणवेश घरच्या बादलीत जाता कामा नये. धुण्यातून निघालेलं पाणी गटारातून थेट खाडीत जाणार नाही, याचीही तजवीज हवी. मात्र त्यापायी माणसाला धुण्यास एक क्षणही उशीर करू नये.

दुपारी मैदानात प्रात्यक्षिक आहे. स्त्रियांची रांग वेगळी, पडद्याआड आहे आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी रुग्ण होणार आहेत. त्यांना आलेल्या अडचणी संध्याकाळच्या ठरावांत नोंदवाव्यात, अशी विनंती करून मी परिषदाध्यक्षांना सूत्रं हाती घेण्यास निमंत्रित करते.