घरातील हस्तकला आणि आपली मुले
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आज व्हरांड्यात मुलामुलींनी हस्तकलेच्या वस्तू मांडल्या आहेत. लोकरीचे मफलर आहेत, क्रोशाचे रुमाल आहेत, चिंध्यांची पायपुसणी आहेत. त्या पाहून काही पालकांनी विचारले, "सर, याला मार्क किती?" प्रश्न रास्त आहे. मार्क थोडेच आहेत. मग मुलांनी यात वेळ का घालवावा, यावर मी दोन शब्द बोलणार आहे.

विणकामाचेच उदाहरण घेऊ. 2 सुलट, 2 उलट अशी वीण घालायची तर टाके 4 च्या पटीत घ्यावे लागतात. 40 घेतले तर वीण जुळते. 41 घेतले तर ओळीच्या शेवटी एक टाका उरतो आणि नक्षी बिघडते. हा हिशेब मुलाला कोणी पाठ करायला सांगत नाही, तो सुईच शिकवते. चूक झाली तर ओळ उसवून पुन्हा विणता येते. उत्तरपत्रिकेत ती सोय नसते. चूक दिसणे, ती शांतपणे उसवणे आणि पुन्हा आरंभ करणे, ही सवय ज्याला लागली तो नापासाच्या शेऱ्यानेही खचत नाही.

हातकाम आपल्याला नवे नाही. आपल्या जिल्ह्यातील मालेगाव आज यंत्रमागांचे गाव म्हणून ओळखले जाते. त्याआधी तेथे हातमाग चालत. येवल्याची पैठणी आजही हातमागावर विणली जाते, आणि तिचा पदर उलटून पाहिला तरी नक्षी सुलट बाजूसारखीच सफाईदार दिसते. आपल्यापैकी कितीतरी घरे शिलाईवर, मागावर, सुतारकामावर उभी राहिली. तरीही शाळेचा अर्ज भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी काही मुलांचे पेन अडखळते. ज्या कमाईतून फी भरली जाते तिचीच लाज वाटू लागली, तर त्या शिक्षणात कोठेतरी उणीव राहिली असे मी मानतो.

ही उणीव ओळखणारा एक थोर शिक्षक आपल्यात होऊन गेला. 1937 साली वर्ध्यात महात्मा गांधींनी शिक्षण परिषद बोलावली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. मुलांचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले असावे, अशी ती योजना होती. हेच झाकिर हुसेन 1967 साली भारताचे राष्ट्रपती झाले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकावे असे सुचवले आहे.

काही पालक म्हणतील, "आम्ही जन्मभर हातानेच राबलो, मुलांनीही तेच करावे काय?" मुळीच नाही. मुलांनी डॉक्टर व्हावे, इंजिनीअर व्हावे. पोटासाठी केलेल्या कामात माप गिऱ्हाइकाचे असते आणि घाईही त्याचीच. फुरसतीत स्वतःसाठी काही बनवताना रंग आपला, नक्षी आपली, वेळही आपलाच. तो आनंद मात्र आपल्या मुलांना मिळायला हवा. अन्यथा फुरसतीचा सगळा वेळ मोबाइल घेऊन जातो आणि हाती काही उरत नाही.

याला खर्च फारसा नाही. आखूड झालेला स्वेटर उसवावा, लोकरीच्या लडी करून कोमट पाण्यात धुवाव्या आणि टांगून वाळवाव्या. लोकर बरीचशी सरळ होते आणि नाशिकच्या थंडीत धाकट्या भावाची टोपी त्यातून निघते. घरातील दादी-नानीपाशी बसून गोधडीचा टाका शिकावा. तिच्याजवळचे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. आणि हे केवळ मुलींचे काम आहे असे समजू नका. मुलांनाही बटण लावता आले पाहिजे, सुईत दोरा ओवता आला पाहिजे.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलाने वाकडेतिकडे का होईना, काही बनवून आणले तर त्याची किंमत विचारू नका. "कसे केलेस?" एवढे विचारा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या.