गाणे राहते, नाव जाते
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून गाण्याविषयी बोलणार म्हटल्यावर काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटली असेल. गाणे ऐकावे की ऐकू नये, हा वाद मी येथे काढणार नाही. तो आपण आपल्या घरी, आपल्या आलिमांना विचारून सोडवावा. माझा विषय हक्काचा आहे. एकाची कमाई दुसऱ्याने त्याचे नाव न घेता उचलली तर काय होते, ते मला सांगायचे आहे.

१९८१ साली 'ज्योती' हा हिंदी चित्रपट आला. त्यातील 'थोडा रेशम लगता है' हे गाणे लता मंगेशकरांनी गायिले आणि चाल बप्पी लाहिरींनी बांधली. गाणे आले आणि हळूहळू लोक ते विसरूनही गेले. पुढे २००२ साली अमेरिकेत 'अॅडिक्टिव्ह' नावाचे एक इंग्रजी गाणे गाजू लागले. गायिकेने टोपणनाव घेतले होते 'ट्रुथ हर्ट्स', म्हणजे 'सत्य टोचते'. त्या गाण्यात मागे जो आवाज घुमत होता तो लताबाईंचा, आणि सुरावट 'ज्योती'मधली! डीजे क्विक या संगीतकाराने ती जशीच्या तशी उचलली होती. हिंदी शब्दांचा अर्थ काय, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि त्याची कोणाला गरजही वाटली नाही. काहीतरी 'पूर्वेकडचे' ऐकू येते, एवढ्यावर गाणे तिथल्या पहिल्या दहांत जाऊन बसले. तबकडीवर बप्पी लाहिरींचे नाव मात्र नव्हते.

मूळ गाण्याचे हक्क असलेली सारेगामा कंपनी कोर्टात गेली. तिने ५० कोटी डॉलरचा दावा लावला. २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने आदेश दिला की, लाहिरींचे नाव छापल्याशिवाय ही तबकडी विकता येणार नाही. एवढ्या मोठ्या बाजारात विक्री अडली ती एका नावासाठी, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या गायिकेला पुढे तेवढ्या उंचीचे दुसरे गाणे लाभले नाही.

परंतु केवळ परक्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. याच बप्पीदांच्या १९८० सालच्या 'प्यारा दुश्मन'मध्ये 'वन वे टिकट' या इंग्रजी गाण्याची चाल स्पष्ट ऐकू येते. आपल्या अनेक संगीतकारांनी अरबी, इंग्रजी, लॅटिन चाली अशाच आणल्या आणि आपण टाळ्या वाजविल्या. आपले गेले की चोरी आणि आपण आणले की कला, हा न्याय नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. १९६१ सालच्या 'हमारी याद आएगी' या चित्रपटाचे शीर्षकगीत मुबारक बेगम यांनी गायिले. संगीत होते स्नेहल भाटकरांचे, म्हणजे आपल्या वासुदेव भाटकरांचे. बेगमसाहिबांनी इतरही पुष्कळ गाणी म्हटली, पण लोकांनी त्यांना त्या एका गाण्यापुरतेच ओळखले. २०१६ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. अखेरची वर्षे हलाखीत गेली. गाणे घरोघरी वाजत होते आणि गाणारी त्याच शहरात अडचणीत दिवस काढीत होती.

हे आपल्या जिल्ह्यातही घडले आहे. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसाची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक मानली जाते. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांना तिने गळा दिला. पुढे लावणी चित्रपटात गेली, मोठमोठ्या सभागृहांत गेली. तिथे टाळ्या वाजविणाऱ्या किती जणांना हिवरगाव माहीत आहे?

मग दुसऱ्याचे काही घेऊच नये काय? तसे म्हणाल तर शाळाच बंद करावी लागेल. आपल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा पाहा. मुसलमान घरात जन्मलेल्या या पुरुषाने मराठी ओवी आपलीशी केली आणि 'योगसंग्राम' लिहिला. त्यांनी ओवी घेतली ती त्या भाषेत राहून, त्या लोकांत मिसळून. आणि आपले गुरू चांद बोधले यांचे नाव ग्रंथात आदराने नोंदवून. घ्यावे कसे, हे शिकायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. मी आठवीत होतो. आमच्या मोहल्ल्यात विड्या वळून पोट भरणाऱ्या एक खाला होत्या. मेंदीच्या रात्री त्या ढोलकीवर दखनी गाणी म्हणत. काही त्यांनी स्वतः जुळविलेली होती. त्यांतले एक मी स्नेहसंमेलनात म्हटले आणि 'स्वरचित' म्हणून सांगितले. मला स्टीलचा पेला बक्षीस मिळाला. घरी अम्मीने पेला हातात घेतला आणि एवढेच विचारले, "खाला कू बोल्या क्या?"

दुसऱ्या दिवशी तो पेला घेऊन मी खालांकडे गेलो. त्या हसल्या. पेला त्यांनी मलाच परत दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी म्हणशील तेव्हा माझं नाव घे, बस्स." पुढच्या संमेलनाआधीच त्यांचा इंतकाल झाला. तेव्हा माझ्या लक्षात आले की, त्यांचे नाव मला ठाऊकच नाही. आम्ही सारी मुले त्यांना नुसते 'खाला' म्हणत होतो. आज या व्यासपीठावरून त्यांचे ऋण फेडावे म्हटले तरी घ्यायला नाव नाही. तो पेला अजून माझ्या घरी आहे आणि त्यातून पाणी पिताना मला संकोच वाटतो.

विद्यार्थी मित्रांनो, मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. नाव हीसुद्धा मजुरीच आहे. पुढील संमेलनात जे गीत, नात किंवा नाट्यछटा तुम्ही सादर कराल, तिचा कर्ता कोण ते कार्यक्रमपत्रिकेत छापा. पालकांनो, घरातल्या दादी-नानीकडे जी गाणी, कहाण्या आणि कोडी असतील ती मुलांकडून वहीत लिहवून घ्या. वहीच्या पहिल्या ओळीत तिचे पूर्ण नाव आणि गाव लिहू द्या. ही अमानत आहे. ती सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच हे काम होईल.