अवशेष आणि त्यांची जागा
(देवस्थानातील नियोजित संग्रहालयानिमित्त महाजनांपुढे केलेले भाषण)



अग्रशाळेच्या मागील बाजूचे काम चालू असता जुन्या जोत्याचे चिरे आणि एका स्तंभाची कोरीव बैठक उघडी पडली, हे आपणांस विदित आहेच. त्यांभोवती एक लहानसे संग्रहालय उभारावे असे ठरले आणि त्याच्या मांडणीविषयी बोलण्याची आज्ञा मला झाली. आज्ञा शिरोधार्य, परंतु माझे म्हणणे सर्वांस रुचेलच असे नाही.

सूचना अशी आहे की बैठक उचलून सभामंडपानजीक काचेच्या कपाटात ठेवावी आणि जोते बुजवून वर फरशी घालावी. बैठक सुंदर आहे, जोते ओबडधोबड आहे. म्हणून एक ठेवायचे आणि दुसरे पुरायचे! माझा विरोध आहे तो येथेच. जोत्यावाचून ती बैठक म्हणजे केवळ एक नक्षीदार दगड.

आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. कृष्णेवरील धरणाने इक्ष्वाकूंची विजयपुरी जलमय होणार, म्हणून १९५४ ते १९६० या काळात डॉ. आर. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखाली त्या खोऱ्याचे उत्खनन झाले आणि निवडक वास्तू सोडवून टेकडीवर पुन्हा रचण्यात आल्या. आज ती टेकडी जलाशयातील बेट आहे. मी नावेतून तेथे गेलो. शिल्पे अप्रतिम आहेत. पण नदीकाठचा स्नानाचा घाट टेकडीवर पाहून मन गोंधळते. पुढे संग्रहालयात बुडालेल्या खोऱ्याची प्रतिकृती दिसते आणि कोणती वास्तू कोठे होती, घाट कोणत्या प्रवाहाकडे उतरत होता, ते क्षणात उमगते. मला विचाराल तर त्या संग्रहालयातील सर्वांत मोलाची वस्तू ती प्रतिकृतीच. मूळ जागा गेल्यावर तिच्यासाठी इतका खटाटोप करावा लागतो.

दूर कशाला, आपल्या सांगे तालुक्यातील कुर्डीच घ्या. साळावली धरणाच्या पाण्यातून तेथील कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड न् दगड सोडवून सुमारे १७ किलोमीटरांवर पुन्हा उभारले गेले. देऊळ वाचले, ही धन्यतेचीच गोष्ट. तरी उन्हाळ्यात पाणी ओसरले की कुर्डीकर आपल्या घरांची जोती शोधीत मूळ गावीच जातात, सोमेश्वराचा उत्सव करतात. (गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या.) तेथे पाहण्यासारखे काय उरले, असे त्यांना कोणी विचारीत नाही.

आपली जागा तर बुडालेली नाही. आपणच ती का बुजवावी?

आता व्यवहाराचे. जोते आहे तेथेच राहू द्यावे. वर उंच छप्पर, बाजूंनी वारा मोकळा आणि कडेने लाकडी मार्गिका असावी, म्हणजे कोणी चिऱ्यांवर पाय देणार नाही. वर काचेची जमीन घालण्याचा मोह टाळावा. कोकणातील दमट हवेत काचेखाली दव साचते, शेवाळ धरते आणि दोन पावसाळ्यांत दिसायचे ते दिसेनासे होते. चिरा पाणी शोषतो. ते पाणी क्षार बरोबर घेऊन वर चढते आणि सुकताना पृष्ठभाग भुगा करून सोडते. म्हणून आधी भोवताली पाण्याचा निचरा, मग दिवे आणि फलक. सांधे भरायचेच तर चुन्याने. सिमेंटने ओल आत कोंडते. तैलरंगाविषयी न बोललेलेच बरे. एका देवळात कोरीव खांबांना चंदेरी रंग फासलेला मी पाहिला आहे, आणि तोही मोठ्या भक्तिभावाने!

जेथे नवा दगड बसवावा लागेल तेथे तो नवा आहे हे जवळून पाहणाऱ्यास कळले पाहिजे. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच तत्त्व सांगितले आहे. फलकावर ‘अतिप्राचीन’ असे ठोकून देऊ नये. काय सापडले, किती खोलीवर सापडले, ते लिहावे. काळ निश्चित नसेल तर तसे लिहिण्यात कमीपणा नाही. आणि ज्यांच्या घरी जुन्या अग्रशाळेची छायाचित्रे असतील त्यांनी ती आणावीत. या जोत्यावर पूर्वी काय उभे होते, ते कदाचित त्यांतूनच कळेल.

आराखडा मी समितीकडे दिला आहे. त्यावर विचार होईपर्यंत गवंड्यांनी ती बैठक जागची हलवू नये, एवढी माझी विनंती आहे.