कोणता कॅमेरा ठेवावा?



फिल्मचे जुने कॅमेरे विकावयास काढताना त्यांतील कोणता ठेवावा, हा प्रश्न अनेक घरांत पडतो. जयपूरचे एक उदाहरण येथे मार्गदर्शक ठरावे.

तेथील महाराजा सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द १८३५ ते १८८०) स्वतः छायाचित्रकार होते. त्या काळी काचेवर कलोडियनचा लेप देऊन तो ओला असतानाच छायाचित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. काचेवरून कागदावर तेवढ्याच आकाराची प्रत निघत असल्याने मोठ्या चित्रासाठी मोठी काच लागे. रामसिंहांनी जनान्यातील स्त्रियांचीही छायाचित्रे घेतली. पुढे ते तंत्र मागे पडले; काचा मात्र सिटी पॅलेसच्या संग्रहालयात राहिल्या. म्हणूनच पडद्याआडचे ते चेहरे आज पाहता येतात.

नंतर फिल्म आली. १२० क्रमांकाच्या फिल्मवर ६ सेंटिमीटर चौरसाची १२ छायाचित्रे बसतात, तर ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ बाय ३६ मिलिमीटरची ३६. पहिलीत बारकावे अधिक, दुसरीत सुटसुटीतपणा. या दोन्ही मापांची फिल्म आजही मिळते. त्यांपैकी जो कॅमेरा खरोखर वापरला जाईल, तो ठेवावा. ज्या मापाची फिल्म दुर्मीळ झाली, तो जाणकाराच्या हाती सोपवण्यास संकोच नसावा.

मात्र कॅमेऱ्यासोबत निगेटिव्हचा डबा देऊ नये. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेनेही आपली कपाटे एकदा उघडून पाहावीत. कॅमेरा पुन्हा विकत घेता येतो; वर्गचित्रातील ती मुले पुन्हा त्या बाकांवर बसणार नाहीत.