फिल्टर पाहावा उघडून



कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी मागे टाकते आणि मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे ओळीने येतात. हा सगळा पट्टा कारखानदारीचा. त्यातले उल्हासनगर तर निर्वासितांच्या कष्टांवर उभे राहिलेले गाव. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येऊन राहिली आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जवळ भांडवल थोडे, पण हातात हुन्नर होता. बाजारात जे खपेल ते बनवायचे, असे करीत करीत घरोघर लहान कारखाने निघाले. त्यातूनच एक विनोद जन्माला आला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे अमेरिकेत बनलेला माल नव्हे; यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हा विनोद ऐकून आपण हसतो खरे. पण त्यामुळे प्रामाणिकपणे माल बनवणाऱ्या कारखानदाराच्याही कपाळी उगाच डाग लागतो.

मग मालाची पारख करावी तरी कशी? गावाच्या नावावरून? खोक्यावरच्या छापावरून? किंमत पाहून? आज ही पारख आपण एका लहानशा वस्तूवर करून पाहू. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या इंजिनाचा ऑइल फिल्टर. आपल्यापैकी कुणाकडे ट्रॅक्टर असेल, कुणी जीप किंवा टेम्पो चालवून संसार करीत असेल. फिल्टरला काही शे रुपये पडतात. पण इंजिनाचे काम निघाले तर हंगामाची कमाई जाते. म्हणून हा विषय आपल्या घरचाच समजा.

इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते. तिथले तेल पंप खेचतो, फिल्टरमधून ढकलतो आणि बेअरिंगांकडे पाठवतो. फिरणारा दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा इतका पातळ थर असतो की माणसाचा केससुद्धा तिथे शिरणार नाही. केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा कणदेखील तिथे कानशीसारखे काम करतो. असे कण येतात कोठून? रस्त्याची धूळ, जळलेल्या इंधनाची काजळी आणि झिजणाऱ्या धातूचा चुरा यांतून. अगदी जुन्या मोटारींत नुसती तारेची जाळी असे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी खऱ्या अर्थाने तेल गाळणारा फिल्टर पुढे आणला. मात्र त्या काळी फिरत्या तेलाचा थोडाच भाग गाळला जाई. पुढे सगळेच तेल फिल्टरमधून नेण्याची पद्धत आली आणि १९५० च्या दशकात, आज आपण पाहतो तो, फिरवून बसवायचा डबा आला.

आता हा डबा उघडू. दोन निरनिराळ्या कारखान्यांचे फिल्टर बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक असतो तो पोटात. तोंडाशी जाड पत्र्याची तबकडी असते. तिच्या कडेच्या लहान भोकांतून तेल आत जाते आणि मधल्या आट्यांच्या मोठ्या भोकातून गाळून बाहेर येते. तबकडी पातळ असेल किंवा आटे उथळ असतील, तर डबा ढिला पडण्याची भीती.

तबकडीच्या आतल्या बाजूस रबराची पाकळी असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले तेल परत चेंबरात उतरू नये, हे तिचे काम. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असेल तर तिची फारच गरज. हलके रबर उष्णतेने कडक होते आणि पाकळी नीट मिटत नाही. मग सकाळी गाडी सुरू केली की तेलाचा दिवा काही सेकंद तसाच पेटून राहतो आणि इंजिन खडखडते. एवढा वेळ बेअरिंगे जवळजवळ कोरडीच फिरत असतात.

त्याच्या आत घड्या घातलेला कागद. तो साधा कागद नव्हे. राळ पाजून, भट्टीत तापवून ताठ केलेला. महाग फिल्टरांत त्यात कृत्रिम किंवा काचेचे तंतूही असतात. कागद किती आहे, हे शाळेतल्या गणितानेच काढता येते. समजा, एका फिल्टरात ५० घड्या आहेत, प्रत्येक घडी दीड सेंटीमीटर खोल आहे आणि उंची ८ सेंटीमीटर आहे. घडीला दोन बाजू असतात. म्हणून ५० गुणिले २ गुणिले दीड गुणिले ८, म्हणजे १,२०० चौरस सेंटीमीटर. दुसऱ्यात याच मापाच्या ३५ घड्या असतील तर ८४० चौरस सेंटीमीटर. दुसरा फिल्टर लवकर तुंबणार, हे उघड आहे. मात्र घड्या नुसत्या जास्त असून भागत नाही. त्या एकमेकींना चिकटल्या असतील तर तेल आतपर्यंत पोचत नाही. शिवाय कागदाची दोन टोके जिथे जोडतात ती शिवण पाहावी. तिथे फट असेल तर सगळा कागद फुकट, कारण पाणी काय आणि तेल काय, सोपी वाट आधी धरते.

कागदाच्या दोन्ही तोंडांना टोप्या असतात. काहींत त्या पत्र्याच्या असतात, काहींत पुठ्ठ्यासारख्या जाड कागदाच्या. पुठ्ठा दिसला की माल हलका, असे म्हणू नये. पाहायचे ते हे की, सर्व घड्यांची टोके सभोवार डिंकात नीट बसली आहेत ना. मधोमध भोकांची नळी असते. ती कमकुवत असली तर थंड, घट्ट तेलाच्या दाबाने चेपते.

राहिली एक झडप. कागद तुंबला किंवा तेल फार घट्ट असले, की ही झडप उघडते आणि न गाळलेले तेल पुढे सोडते. घाण तेल मिळणे वाईट. पण तेल मुळीच न मिळणे त्याहून वाईट, असा तिचा हिशेब. मात्र तिची स्प्रिंग लेचीपेची असेल, तर ती सदाच उघडी राहते. दिवा लागत नाही, आवाज येत नाही, गाडी झकास चालते आणि आत इंजिन झिजत जाते. नकली फिल्टरचा खरा धोका हाच. काही इंजिनांत ही झडप इंजिनातच असते. म्हणून फिल्टरात ती दिसली नाही तर लगेच दोष देऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा पाठ वर्गात घेण्याजोगा आहे. गॅरेजमधून दोन-तीन वापरलेले फिल्टर आणावेत, रात्रभर पालथे ठेवून तेल निथळू द्यावे आणि पत्रा कापण्याच्या कात्रीने उघडावेत. करवत नको, तिचाच चुरा आत पडतो. पत्र्याची धार लागते, म्हणून कापण्याचे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावे. मग मुलांना कागद उलगडून मोजू द्यावा. कागदावरचा चुरा लोहचुंबकाला चिकटला तर ते लोखंड वा पोलाद. तांबूस चकाकी असेल तर बेअरिंगांची झीज. चंदेरी असून चुंबकाला दाद देत नसेल तर बहुधा पिस्टनाचे ॲल्युमिनियम. निथळलेले तेल मात्र नाल्यात ओतू नये. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीची काय दशा झाली आहे, ते त्या बाजूला गेलेल्यांनी पाहिलेच असेल.

नवा फिल्टर बसवताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपावे. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावावे. रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवून, मग डब्यावर लिहिले असेल तेवढेच, बहुतेक ठिकाणी सुमारे पाऊण फेरा, आवळावे. पान्याने पिळू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाजारात तीन प्रकारचा माल असतो. एक, गाडीच्या कंपनीने मान्य केलेला. दुसरा, लहान कारखानदाराने स्वतःच्या नावाने विकलेला स्वस्त माल. तिसरा, दुसऱ्याच्या नावाची नक्कल. दुसरा आणि तिसरा यांत आपण गल्लत करतो, आणि तिथेच लहान कारखानदारावर अन्याय होतो. स्वस्त माल चांगला असू शकतो, वाईटही असू शकतो. तो उघडून ठरवता येते. नक्कल मात्र चांगली निघाली तरी फसवणूकच. खोट्या व्यापारचिन्हाबद्दल १९९९ च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

तेव्हा दुकानदाराला बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि महिना-साल खोक्यावर दाखवायला सांगावे, आणि पक्के बिल घ्यावे. गावात पाच-दहा गाड्या असतील तर सर्वांनी मिळून एक नवा फिल्टर जास्तीचा घ्यावा व तो कापून पाहावा. एका फिल्टरच्या किमतीत दहा इंजिनांची काळजी मिटते. आणि आपले नाव, आपल्या गावाचे नाव छापून चोख माल देणारा कारखानदार उल्हासनगरात भेटला, तर त्याच्याकडून अवश्य घ्यावे. त्या गावाच्या कपाळचा डाग पुसायचा तर तो चांगल्या मालाला चांगले गिऱ्हाईक मिळूनच पुसला जाईल.