कुलवृत्तांत आणि इतिहाससंशोधन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी ‘इतिहाससंशोधनाची भारतीय पद्धती’ हा विषय मला नेमून दिला, तेव्हाच त्यामागील हेतू माझ्या ध्यानात आला. ज्ञातीचा इतिहास लिहविण्याचे मंडळाने योजिले आहे आणि त्यासाठी घरोघरचे कुलवृत्तांत जमविण्यास आरंभही झाला आहे. त्यांपैकी सुमारे चाळीस वृत्तांत माझ्या नजरेखालून गेले. त्यांत एकही पूर्वज वतनाचा तंटा हरलेला नाही, एकानेही कोणाचे कर्ज बुडविलेले नाही, आणि प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष कोणत्या ना कोणत्या राजाचा उजवा हात आहे. राजे थोडे आणि उजवे हात फार, अशी ही अवस्था आहे. ती पाहून मी थोडा चिंतेत पडलो. आजचे माझे बोलणे त्या चिंतेतूनच निघाले आहे, हे आधी सांगून टाकतो.

हिंदुस्थानात इतिहास लिहिण्याची रीतच नव्हती, असे परकीय पंडितांनी म्हटले आणि आपणही ते मुकाट्याने मान्य केले. परंतु बाराव्या शतकात काश्मीरच्या कल्हणाने राजतरंगिणी रचताना पूर्वसूरींचे अकरा ग्रंथ पाहिले, देवालयांवरील लेख व दानपत्रे तपासली, आणि झालेल्या गोष्टी सांगणाऱ्याची वाणी रागद्वेषापासून मुक्त असली पाहिजे असा दंडक घालून दिला. त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच्या भागात असंभाव्य गोष्टी पुष्कळ आहेत, हे खरे. तरी साधने जमवावी, ती पारखावी आणि मग न्यायाधीशाप्रमाणे बोलावे, ही दृष्टी आपल्याला बाहेरून उसनी आणावी लागलेली नाही.

महाराष्ट्रात या दृष्टीला धार आणली ती इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. ग्रँट डफचा इतिहास 1826 साली प्रसिद्ध झाला. त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी तरुण वयातच टीका केली. पण टीका करणे निराळे आणि साधने पुढे ठेवणे निराळे. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस बसून पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे छापण्यास प्रारंभ केला आणि 1898 साली राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. पुढे 1910 साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. बखर ही प्रसंगानंतर, कित्येकदा दोन-दोन पिढ्यांनंतर, कोणाच्या तरी आज्ञेवरून किंवा कोणास तरी संतुष्ट करण्यासाठी लिहिलेली असते; पत्र हे त्या दिवशीच्या निकडीतून लिहिलेले असते. म्हणून पत्राची साक्ष मोठी. राजवाडे गावोगाव हिंडले, ते अशा पत्रांसाठी.

एका घरातील कागद केवढे काम करतो, याचे उदाहरण शिवजन्मतिथीचे आहे. काही बखरींवरून शके 1549 चा वैशाख, म्हणजे इसवी सन 1627, ही तिथी रूढ झाली होती. भोरजवळील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. लोकमान्य टिळकांच्या हाती ती आली आणि 1916 साली प्रसिद्ध झाली. तीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद मिळाली, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. नुसत्या एका नोंदीवर कोणी विसंबून राहिले नाही. वाद पुष्कळ झाला. पुढे परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी आढळली आणि जोधपूरकडे मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तिला पुष्टी दिली. एकमेकांशी संबंध नसलेले तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, तेव्हा पक्ष बळकट झाला. आज महाराष्ट्र शासनही हीच तारीख मानते.

आता आमच्याच घरची एक गोष्ट सांगतो. शाहू महाराजांनी आमच्या मूळपुरुषास दिलेली म्हणून एक सनद आमच्या देवघरात लाल वस्त्रात बांधलेली होती. दसऱ्यास तिची पूजा होई. मोडी वाचावयास शिकल्यावर मी ती प्रथम उघडली. तीत सुहूर सन ‘इहिदे सलासीन मया व अलफ’ असे लिहिले आहे. हे अरबी संख्याशब्द एककापासून उलटे वाचावयाचे: एक, तीस, शंभर, हजार, म्हणजे 1131. सुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात वर्षाच्या पूर्वार्धासाठी 599 आणि जानेवारीनंतर 600 मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे हा कागद 1730-31 मधील, आणि शक 1652 असावयास हवा. सनदेत शक आहे 1632. वीस वर्षांचे अंतर! नक्कल करणाऱ्याच्या हातून अंक चुकला असेल, किंवा वतनाच्या तंट्यात दाखविण्यासाठी कोणी मागाहून हा कागद रचला असेल. वतनासाठी बनावट कागद करणे त्या काळी दुर्मिळ नव्हते. गोतसभेपुढे असे कागद खोटे ठरल्याची उदाहरणे आहेत. मी वडिलांना हे सांगितले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, “पूजा थांबवू नकोस, पण लिहिशील तेव्हा हेही लिही.”

हा अभिमान मोठमोठ्यांनाही आवरलेला नाही. पद्धतीचे एवढे धडे देणाऱ्या राजवाड्यांनीच चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीविषयी उपमर्द करणारे लेखन केले, आणि प्रबोधनकार ठाकरे यांनी 1918 साली ‘कोदण्डाचा टणत्कार’ लिहून त्याचा समाचार घेतला. ज्ञातीचा विषय निघताच पारखणाऱ्याचा हातही कापतो, हे आपण विसरता कामा नये. अशा वेळी दुसऱ्या ज्ञातीच्या माणसाने आपले लिखाण तपासावे, असे मला वाटते. आपल्या समितीत बाहेरचा एकही अभ्यासक नाही, ही उणीव आहे.

आणखी एक उणीव आहे. आपल्या कुलवृत्तांतांत स्त्रिया केवळ ‘अमक्याची कन्या’ म्हणून येतात. कित्येकींचे नावही नाही. शिवाय आपल्यातील पुष्कळ घरांत कागद कधीच नव्हता. त्यांना इतिहास नाही काय? मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील आपला ग्रंथ लिहिला. कागदावर न थांबता त्यांनी पुण्याच्या आसपासचे घाटरस्ते, वेशीवरच्या शेंदूर लावलेल्या देवी, दगडी हत्यारांच्या जागा पायी हिंडून पाहिल्या आणि त्यांतून प्रश्न विचारले. आपल्या आजीबाईंना जात्यावरील ओव्या, कुलदैवताला जाण्याची जुनी वाट, लग्नात कोणत्या गावाशी सोयरीक होत नसे आणि का, हे ठाऊक असते. ते आजच टिपून घेतले पाहिजे. प्रत्येक टिपणावर सांगणाराचे नाव, गाव आणि दिवस लिहावा, आणि ‘ऐकले’ व ‘पाहिले’ यांत भेद ठेवावा.

समितीस माझी विनंती एवढीच आहे. कागद मागवून घेऊ नये. घरी जाऊन, मालकासमोर, भ्रमणध्वनीने का होईना, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि कागद ज्याचा त्याला परत द्यावा. कोरी दिसणारी मागील बाजू सोडू नये. शिक्का आणि शेरा पुष्कळदा तेथेच असतो. मजकूर छापताना प्रतिकूल ओळ गाळू नये.

आमच्या घरची ती सनद मी आज बरोबर आणली आहे. व्यासपीठाच्या उजव्या बाजूच्या मेजावर ती ठेवली आहे. ज्यांना मोडी येते त्यांनी भोजनापूर्वी ती पाहावी, आणि माझ्या वाचनात चूक झाली असेल तर मला येथेच सांगावी.