वारशाच्या नोंदी आणि वर्गाची सरासरी

श्रोतेहो, निकालपत्रक करण्याचे काम आता पुष्कळ गुरुजी संगणकावर सोपवतात. म्हणूनच एका छोट्या पण फसव्या चुकीविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

समजा, एका गुरुजींनी जावास्क्रिप्ट या भाषेत तीन मुलांच्या गुणांची यादी केली. ही भाषा ब्रेंडन आयक यांनी १९९५ साली तयार केली. गुण होते ६०, ७० आणि ८०. सरासरी यायला हवी ७०. यंत्र म्हणाले ६१.२५! वर्ग मागे पडला म्हणून मुलांना उगाच बोल लागायचा.

मग झाले काय? गुरुजींनी ही यादी दुसऱ्या एका यादीवर बेतली होती, आणि त्या मूळ यादीत 'उत्तीर्ण होण्यास ३५' अशी नोंद होती. अशी नवी यादी मूळ यादीची वारस ठरते. 'फॉर-इन' नावाची फेरी घरच्या नोंदी घेते, तशा वारशाच्याही घेते. तिने तिघांचे चौघे केले आणि २४५ ला ४ ने भागले.

आपल्या घरचेच पाहा. आजोबांनी खणलेल्या विहिरीचे पाणी आपण हक्काने वापरतो. पण 'तू स्वतः काय मिळवलेस?' असे कोणी विचारले, तर विहीर त्यात धरतो का? नाही ना!

कोणी म्हणेल, 'टू-स्ट्रिंग'सारखी कामे तर प्रत्येक साध्या यादीला वारशाने मिळतात. ती कशी मोजली जात नाहीत? कारण त्यांच्यावर 'फेरीत घेऊ नये' अशी खूण असते. घर जोत्यावर उभे असते, पण सामानाच्या यादीत जोते कोणी लिहीत नाही. आपण साधेपणाने लिहिलेल्या नोंदीवर मात्र ही खूण नसते. हवी असेल तर ती मुद्दाम करावी लागते.

उपाय दोन आहेत. भाषेच्या २००९ च्या आवृत्तीत आलेले 'ऑब्जेक्ट डॉट कीज' फक्त घरच्या, खूण नसलेल्या नोंदींची नावे देते. किंवा फेरीतच प्रत्येक नोंदीला विचारावे, 'तू याच घरची का?' त्यासाठी २०२२ च्या आवृत्तीत 'ऑब्जेक्ट डॉट हॅज-ओन' आले.

यंत्र खोटे बोलले नाही, मंडळी. प्रश्नच आपण मोघम विचारला होता. तेव्हा सही करण्यापूर्वी पटावरची मुले आणि यंत्राने मोजलेली मुले जुळतात का, एवढे अवश्य पाहा. नमस्कार.